उसना सिलेंडर

पोस्टातून रिटायर झालेल्या काकू छत्रीबागेत आमच्या मेसच्या बरोबर वर राहतात. गॅसच्या त्या दिवसांत मी इंदूरात टिकले ती त्यांच्यामुळे. हे आधी लिहून टाकते, कारण पुढे जे लिहायचंय त्यात मी त्यांच्याशी नीट वागलेली नाही.

मी परभणीकडची. आठवीत शाळा सुटली, आणि नात्यातल्या एकीच्या ओळखीनं इथे मेसमध्ये स्वयंपाकाला लागले. राहणं स्वयंपाकघरामागच्या खोलीत. काम गेलं की छप्परही गेलं, ही धास्ती पहिल्या दिवसापासून पोटात. मालकीण म्हणजे वहिनी. त्यांच्याकडचे जुने लोक संस्थानाच्या कचेरीत होते, आणि वहिनी अजून आम्हाला त्याच कचेरीतून हाक मारतात.

आमच्या गल्लीत एक रीत होती. कुणाचा गॅस संपला आणि नंबर लागायला वेळ असला, तर शेजाऱ्याकडे आपला रिकामा सिलेंडर ठेवायचा आणि त्याचा भरलेला न्यायचा. आपला आला की परत. कागद नाही, काही नाही. म्हणून कोपऱ्यावरच्या घरातली भाभी एका सकाळी आली, पाहुणे आहेत, दोन दिवसांत देते म्हणाली, तेव्हा मी वहिनींना न विचारता तिचा रिकामा ठेवून घेतला आणि आमचा जादा भरलेला सिलेंडर तिच्या दिराच्या स्कूटरवर चढवून दिला. पडू नये म्हणून दोरीसुद्धा मीच बांधली.

त्याच आठवड्यात आखाताकडे लढाई पेटली आणि गॅसची जहाजं अडकली. पहिले काही दिवस कुणाला काही वाटलं नाही. मग एजन्सीसमोर रांग लागली. रिकामे सिलेंडर साखळीनं एकमेकांना बांधून लोक उन्हात उभे. आतला माणूस इंदुरी थाटात म्हणायचा, "भिया, गाडीच नाही आली. मी काय फुंकर मारून भरू?" वहिनी सियागंजच्या बाजारातून तेल घेऊन आल्या त्या भावावरून दुकानदाराला शिव्या देतच. बड्या गणपतीजवळच्या कचोरीवाल्यानं कढई उतरवली आणि कारागिरांना सांगितलं, गावी जाऊन या, बोलावतो. ते पिशव्या घेऊन गेले. एकालाही बोलावणं आलं नाही.

आमची जोत पिवळी पडली त्या दिवशी आम्ही सिलेंडर आडवा केला, गरम पाण्यात ठेवला, हलवला. करू नये ते सगळं केलं. डाळ तरी कच्चीच. वहिनींनी इंडक्शन लावून पाहिलं, तर घराची वायरिंग जुनी, फ्यूज उडाला. मग त्यांनी विचारलं, दुसरा सिलेंडर कुठाय? मी सांगितलं.

वहिनी ओरडल्या नाहीत. हात पुसत म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत आण. नाहीतर पेटी भर. मेस बंद पडली तर तुला काय ओवाळायला ठेवू?"

मी कोपऱ्यावर गेले. आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. भाभी फाटक धरून उभी राहिली, उघडलं नाही. सिलेंडर मागितला तर म्हणाली, "कौनसा, दीदी? तुमचा तर तुमच्याकडेच पडलाय ना, रिकामा?" सगळे सिलेंडर लाल, सगळे सारखेच, रिकामा कुणाचा आणि भरलेला कुणाचा, हे मी कसं दाखवणार? मागून तिची सासू हसली. "पढ़ी-लिखी होती तो लिखवा लेती." पुन्हा शिट्टी झाली आणि भाभी गॅस बारीक करायला आत पळाली.

परत येऊन मी जिन्यात बसले. काकूंनी वरून विचारलं, काय झालं. सगळं ऐकून त्या खाली आल्या नाहीत. आपल्या स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी रेग्युलेटर काढला. म्हणाल्या, "घेऊन जा. परवाच लावलाय."

मी म्हटलं, "आणि तुम्ही?"

"सासऱ्यांची शेगडी आहे, महूच्या क्वार्टरातली. फौजेत धुरावरच जेवायचे." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, तुझं काम त्या भाभीनं नाही घेतलं. चूल आपली, पण काडी परक्याच्या खिशात. त्यानं तिकडे समुद्रात दार लावलं की इकडे आपण एकमेकांची नरडी धरतो."

मी एकदाही नको म्हटलं नाही. एक एक पायरी करत सिलेंडर खाली उतरवला, आणि रात्रीचे डबे वेळेवर गेले.

नंतरचे कित्येक दिवस काकू गॅलरीत लाकडाच्या ढलप्या जाळत होत्या. धूर जिन्यात उतरायचा आणि खोकला छतातून ऐकू यायचा. वहिनी डबे न्यायला आलेल्या पोरांना सांगायच्या, "वरती खोकल्या की समजा भाकरी झाली." पोरं हसायची. एकदा मीही हसले. हातात काकूंच्याच गॅसवरची गरम पोळी होती.

अखेर गाडी आली. आमचा नंबर लागला. मी वर न्यायला सिलेंडर उचलला, तर वहिनी म्हणाल्या, आधी मेस, एकट्या बाईला लागतं किती. मी तो खाली ठेवला. दुसऱ्या वेळीही ठेवला. तिसऱ्या वेळी वर नेला तेव्हा काकूंच्या ओट्यावर श्वासाचा पंप होता. डॉक्टरांनी दिलेला. त्यांनी मला चहा केला आणि शेगडी कोपऱ्यात सरकवली.

आता टीव्हीवर कुणी म्हणतं, इंधन आपलं आपल्याकडे हवं, देश मजबूत होतो. असेल. मला तेव्हा फाटकाआडची शिट्टी ऐकू येते आणि वरचा खोकला. इंधन घरचं असतं तर भाभी कदाचित चांगलीच बाई राहिली असती. मीसुद्धा.

गल्लीतली रीत मोडली. आता सिलेंडरवर सगळे रंगानं नाव लिहितात.

माझ्या नावाचं गॅसचं कार्ड नाही. भाड्याची पावती नाही, म्हणून पत्ता नाही. पण होईल. काकू, माझ्या कार्डावरचा पहिला सिलेंडर मी कुणाला न विचारता तुमच्याकडे वर आणीन, आणि ती शेगडी माझ्या हातानं भंगारात देईन. तोवर तुम्ही राहा.