नाशिकला न मिळणारा सेल

भावाचा विषय निघाला की माझ्या पोटात दुखतं. नाटकं कशाला, दुखतं. तो बंगळूरला, मी इथे नाशिकला, इंदिरानगरात, आप्पांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. आई गेल्यापासून आप्पांचा दुपारचा डबा माझ्याकडून जातो. औषधं मी आणते, गॅसचा नंबर मी लावते, डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच घेऊन जाते. कौतुक मात्र बंगळूरचं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच म्हणत असावेत.

हे दुखणं गेल्या वर्षी दसऱ्यानंतर चांगलंच वाढलं, आणि त्याला कारण झाला आप्पांचा कॉम्प्युटर.

तो भावाच्या इंजिनिअरिंगच्या वेळचा. पत्र्याचा उभा डबा, चालू केला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. आप्पा तहसील कचेरीतून निवृत्त झाले, पण अर्ज लिहिण्याची सवय सुटली नाही. कॉलनीत कुणाकडे पाणी कमी येतं, कुणाच्या सातबाऱ्यावर नाव चुकलंय, कुणाला गल्लीत दिवा हवाय, सगळे आप्पांकडे येतात. आप्पा दोन बोटांनी अर्ज टाइप करतात आणि छापलेला कागद असा हातात देतात, की जणू मंजुरीही तेच देणार आहेत. कॉम्प्युटर बंद पडला की त्यांची कचेरी बंद.

दोन दिवाळ्यांपूर्वी भाऊ आला होता. तेव्हा त्यानं या डब्यात एक नवी, वेगवान डिस्क बसवली. जुनी काढली नाही, कारण तिच्यात आप्पांचे आजवरचे सगळे अर्ज. म्हणजे आत दोन डिस्क. कॉम्प्युटर सुरू होतो तो नवीवरून, जुनी नुसती माळ्यावरच्या ट्रंकेसारखी. त्यानंतर भाऊ आला नाही. कामं असतात म्हणे.

दसऱ्याला आप्पांनी नेहमीप्रमाणे कॉम्प्युटरची पूजा केली. पत्र्यावर हळदकुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर पडदा काळा, आणि वर इंग्रजीत एक ओळ, की सुरू करायला डिस्कच सापडत नाही.

आता मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. पोटापाण्याचा धंदाच तो माझा. आणि दोन गल्ल्या पलीकडे राहते. पण मी डबा घेऊन गेले तेव्हा आप्पांनी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला, आणि त्यात बंगळूर.

"काळंच दिसी राहिनं रे भो," आप्पा सांगत होते.

हीसुद्धा एक गंमत. आप्पा मूळचे सटाण्याकडचे, त्यांची खरी बोली अहिराणी. पण माझं लग्न नाशिकच्या घरात झालं, तेव्हा सासरच्यांसमोर मला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून ते माझ्याशी पुस्तकातलं मराठी बोलायला लागले. पुढे तसंच राहिलं. अहिराणी उरली ती भावासाठी. तिच्यातलं हसणं, चिडवणं, सगळं त्याच्या वाट्याला. मला 'जेवण झाले का तुझे' आणि त्याला 'कसा शे रे भो'.

भाऊ तिकडून सांगत होता, की सुरू करताना डिलीटचं बटण दाबत राहा, निळा पडदा येईल, त्यात कुठली डिस्क आधी आणि कुठली नंतर त्याची यादी असेल, त्यात नवीला वर घ्या. कॉम्प्युटर आधी जुनीचं दार ठोठावतोय, तिथे कुणी उघडत नाही, म्हणून अडून बसतो. सगळं बरोबर होतं. मला राग आला तो त्याचाच. आप्पांनी बरीच झटापट करून ते जमवलं आणि मला म्हणाले, "बघ, त्याने तिथे बसून दुरुस्त केले."

दुसऱ्या दिवशी पुन्हा काळा पडदा. या वेळी मी आप्पांना खुर्चीवरून उठवलं. डिलीट दाबलं, यादी उघडली, जुनी डिस्क पुन्हा पहिल्या नंबरवर जाऊन बसली होती. माझ्या मनात आलंच, की कॉम्प्युटरलाही आप्पांची सवय लागली. घरात रोज राबतं कोण, आणि पहिला नंबर कुणाचा! नवीला वर घेतलं, सेव्ह केलं, कॉम्प्युटर मुकाट सुरू झाला.

"झाले?" आप्पा म्हणाले. मग त्यांनी मोबाइल घेतला आणि माझ्यासमोर बंगळूरला विचारलं, की ताईनं केलं ते बरोबर आहे का.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डबा तिथेच ठेवून मी निघून आले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी परत तेच. "तू काहीतरी वेगळे दाबलेस वाटते," आप्पा म्हणाले. मी दात आवळून पुन्हा तो निळा पडदा उघडला आणि या वेळी कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं. कॉम्प्युटरच्या मते अजून मी कॉलेजात होते. तेव्हा कळलं. आत नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसताना तारीख आणि ती यादी लक्षात ठेवायचं काम त्याचं. तो संपला होता. भिंतीवरचं बटण चालू असेतो सगळं लक्षात राहतं, ते बंद केलं की कॉम्प्युटर सगळं विसरतो आणि जुन्या डिस्कला पहिला नंबर देऊन मोकळा होतो.

आणि भिंतीवरचं बटण आप्पा रोज संध्याकाळी बंद करणारच. सटाण्याला वीज पडून आमचा नवा कोरा टीव्ही जळाला होता, तेव्हापासून आमच्या घरी दिवेलागणीला एका बाजूनं देवापुढे दिवा लागतो आणि दुसऱ्या बाजूनं सगळी बटणं खाली होतात. "हे एक बटण चालू राहू द्या," मी म्हटलं, तर आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गॅस उघडा ठेवायला सांगितला.

सेलचं मी त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी ताट वाढायला आत गेले आणि बाहेर फोन लागलेला ऐकला. भाऊ तेच सांगत होता, अगदी तेच. की सेल गेलाय, घड्याळाच्या दुकानात मिळेल.

"नाशिकले भेटत नही तो," आप्पा म्हणाले.

माझ्या हातातली पळी थांबली. नाशिकला मिळत नाही? बसस्टॉपच्या कोपऱ्यावरचा घड्याळवाला असे सेल चणेफुटाण्यासारखे विकतो, आणि आप्पा तिथूनच आपल्या घड्याळाचा पट्टा बदलून घेतात.

"बरं, राहू द्या मग," भाऊ म्हणाला. "दिवाळीला जमलं तर येतो, तेव्हा मीच आणतो."

"हा, हा, आणजो मंग."

मला एवढंच दिसलं, की एक दमडीची वस्तू, तीसुद्धा मुलाच्या हातून हवी. मी आणली असती तर ती काय कमी चालली असती? त्याच दिवशी घड्याळवाल्याकडून सेल घेतला. दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा ठेवला, कॉम्प्युटरच्या बाजूचा पत्रा काढला, हळदकुंकवाला बोट लागू दिलं नाही, जुना सेल काढून नवा बसवला. जुना तिथेच टेबलाच्या खणात टाकला. मग डिस्कचा क्रम लावला आणि आप्पांच्या डोळ्यांदेखत भिंतीवरचं बटण बंद करून परत चालू केलं. कॉम्प्युटर घरघरत सरळ सुरू झाला. तारीख बरोबर, नवी डिस्क पहिल्या नंबरवर.

"आप्पा, नाशिकला मिळतो हो सेल," मी म्हटलं. एवढ्या गोड आवाजात मी कधीच बोलत नाही.

"हो का," आप्पा म्हणाले. "छान झाले." आणि पेपर वाचत बसले. फोन त्यांनी केला नाही, की बाबा, तुझ्या ताईनं कमाल केली. मी त्याचीच वाट बघत उगाच ओटा पुसत बसले होते.

पुढच्या दोन दिवसांत आप्पांचा बंगळूरला फोन झाला नाही. आप्पा जेवताना बोललेही नाहीत फारसे. तिसऱ्या दिवशी मी जिन्यातच होते तर आतून हसण्याचा आवाज. "तसंच शे रे, काळंच. ताईनी बी करी पाह्यं." मी दारात पोचले तोवर फोन ठेवला होता. "पुन्हा बिघडला," आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले आणि अंघोळीला गेले.

नवा सेल दोन दिवसांत जात नाही, हे मी शाळेतल्या पोरांना शिकवते. मी कॉम्प्युटरपुढे बसले. पत्र्यावरची हळदकुंकवाची बोटं पुसटली होती, आणि स्क्रू वाकडा बसला होता. पत्रा काढला. आत जुना, काळपट सेल. माझा नवा सेल कुठे असेल ते शोधावं लागलं नाही. आमच्या घरी हरवू नये अशी बारीक वस्तू देव्हाऱ्यातच असते. सुपारीशेजारी, वाटीत, पुसून ठेवलेला होता.

आप्पा पंच्यानं डोकं पुसत बाहेर आले आणि उघडा पत्रा बघून जागीच थांबले.

मी ओरडायला पाहिजे होतं. मी खूप काही बोलणार होते, डबे, औषधं, डोळ्यांचे डॉक्टर, सगळी जंत्री तोंडावर होती. तोंडातून आलं ते भलतंच.

"माझ्यासाठी कधी काही मोडलंत का हो, आप्पा?"

ते खुर्चीवर बसले. पंचा मांडीवर घेऊन त्याची घडी घालत राहिले. मग म्हणाले, आणि कितीतरी वर्षांनी माझ्याशी त्या बोलीत म्हणाले,

"तुन्हासाठे काय मोडू व माय? तू ते रोजच येस."

मला रडूही आलं आणि रागही आला. रोज येणाऱ्याच्या वाट्याला हेच. माझा हेवा काही पळून गेला नाही. उलट आता मला त्या मेलेल्या सेलचाही हेवा वाटला, कारण त्याच्याकडून जे होत होतं ते माझ्या डब्यांनी कधी झालं नसतं. भाऊ त्या सेलपायी रोज फोनवर बोलत होता, दिवाळीला यायचं म्हणत होता.

मी पत्रा लावला आणि स्क्रू नीट घट्ट केला. जुना सेल आतच ठेवला. मग मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवला आणि बंगळूरचा नंबर लावला.

"काय गं ताई?" भाऊ म्हणाला.

"अरे, आप्पांचा कॉम्प्युटर," मी म्हटलं. "मी सगळं करून बघितलं. मला नाही जमत. तूच येऊन बघ बाबा."

भाऊ हसला. "मला वाटलंच होतं. तू हात लावू नकोस आता, मी दिवाळीला आलो की बघतो. तिकीट आजच काढतो."

ते खोटं बोलताना जीभ जळली माझी. आप्पा ताटावर बसले आणि मला म्हणाले, "माय, तू बी बस ना जेवाले."