ढोलीतलं सिमेंट

बागेच्या माळ्याला सगळे मामा म्हणत, नगरपालिकेतल्या साहेबापासून घसरगुंडीवरच्या पोरांपर्यंत. त्याला ते आवडायचं की नाही, कुणी विचारलं नाही. बावीस वर्षं एकाच बागेत राबलेला हा माणूस बोलायला कंजूष आणि ऐकायला उदार होता. झाडाचंसुद्धा ऐकायचा. रोज सकाळी खुरप्याच्या लाकडी मुठीनं मोठ्या शिरीषाच्या बुंध्यावर टकटक करायचा, कान लावायचा आणि पुढे जायचा. मला वाटायचं, उतारवयात एकेकाला काहीतरी खूळ लागतंच. मी निवृत्त मुख्याध्यापिका. माझं खूळ म्हणजे बाग समिती.

समितीत आम्ही तीन भागीदार. जागा नगरपालिकेची, अंगमेहनत आम्हा रहिवाशांची आणि खर्च कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचा. बाग सगळ्यांची, तेव्हा कुठल्याही कामाच्या कागदावर तिघांची सही हवी, हा नियम मीच घालून दिला होता. फार अभिमान होता मला त्याचा. दर रविवारी आम्ही हातमोजे चढवून तण उपटायचो, वाफ्यांच्या विटा रंगवायचो, आणि तणाबरोबर उपटली गेलेली फुलझाडं मामा आमच्या मागून गुपचूप परत लावत यायचा.

शिरीषाच्या बुंध्याला छातीएवढ्या उंचीवर ढोली होती. तीन वर्षांपूर्वी सुंदर बाग स्पर्धेचे परीक्षक येणार होते, तेव्हा ती औषधवाल्याच्या डोळ्यांत खुपायला लागली.

"मामा, बुजवा की ती! तोंड वासून उभं आहे झाड."

मी मान डोलावली. तिन्ही सह्या त्याच बैठकीत झाल्या. मामा एवढंच म्हणाला, "बाई, आत पाणी कोंडेल हो." आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग त्यानं ढोलीत सिमेंट भरलं, वरून सालीसारख्या रेघा ओढल्या आणि रंग दिला. हात असा सफाईचा की जोड शोधून सापडू नये. आमचा दुसरा नंबर आला. औषधवाल्यानं आनंदाच्या भरात झाडाखाली दगडी बाक बसवलं आणि त्यावर आपल्या आईचं नाव कोरून घेतलं.

गेल्या वर्षी मामाची टकटक लांबत चालली. बुंध्याला कान लावून तो पाच-पाच मिनिटं उभा राहायचा. एक दिवस त्यानं मला हाक मारून झाडाशी नेलं.

"ऐका," म्हणाला आणि मूठ आपटली. वर भरीव आवाज आला. खाली, मुळांपाशी, रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा. मातीलगत तपकिरी अळंब्या फुटल्या होत्या, चांगल्या बशीएवढ्या.

"मुळं कुजलीत, बाई. हे पडणार. बाकाच्याच अंगाला पडणार."

"कधी?"

"ते मला नाही सांगता यायचं."

वर पाहिलं तर झाड हिरवंगार, आणि खाली बाकावर एक म्हातारं जोडपं शेंगा सोलत बसलेलं.

अर्ज मीच लिहिला: झाड तोडावं, तोवर बाक हलवावं. साहेब म्हणाला, "आधी तुम्हा दोघांच्या सह्या होऊ द्या, मग माझी." औषधवाला उखडलाच. "आईचं बाक हलवायचं? त्या माळ्याच्या टकटकीवरून? आणि मला सांगता, तुमची सही कुठाय यावर?"

नव्हती. यंदा पहिला नंबर आपलाच, असं जो तो म्हणत होता, आणि मलाही तो हवा होता. स्पर्धा झाली की बघू, म्हणून मी अर्ज खणात टाकला. तो अकरा महिने तिथंच राहिला.

मामानं मग आपला उपाय काढला. बाकाभोवती त्यानं ओलं शेणखत पसरलं. माणसं नाकाला रुमाल लावून पळायला लागली. औषधवाल्यानं आरडाओरडा करून खत उचलायला लावलं, तर हा पठ्ठ्या रोज बाकावर पाण्याचा पाइप सोडायला लागला. मामाला चळ लागलाय, असं लोक उघड बोलायचे. साहेबानं लेखी तंबी दिली. मामानं ती घडी करून खिशात घातली आणि पाइप चालूच ठेवला.

"नोकरी जाईल हो अशानं," मी एकदा चिडून म्हटलं.

"जाऊ दे. माणूस जायला नको."

मी घरी आले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, पण खण काही मी उघडला नाही.

परीक्षक यायच्या दिवशी मामाला झाडाजवळ फिरकायला बंदी होती. बाक घासूनपुसून लखलखीत केलेलं. औषधवाल्याच्या डोक्यातून निघालेली शोभा म्हणून शाळेतली वीसेक मुलं चित्रं काढायला झाडाखाली बसवली होती. मी परीक्षकांबरोबर फाटकाशी होते. वारा अजिबात नव्हता, एक पान हलत नव्हतं. अचानक जमिनीतून आवाज आला, जाड कापड सावकाश फाडावं तसा.

लांब गुलाबांपाशी उभ्या असलेल्या मामानं नळ पुरता सोडला आणि पाइपाची धार थेट मुलांवर धरली. मुलं किंचाळत, हसत चहूकडे पांगली. त्यांची शिक्षिका ओरडत त्यांच्यामागे धावली. औषधवाला मुठी वळून मामाच्या अंगावर गेला, आणि त्याच्या पाठीमागे झाड आडवं झालं. बाकाचे तुकडे उडाले. एकाही मुलाला खरचटलं नाही.

फाटलेल्या बुंध्यातून सिमेंटचा मोठा गोळा बाहेर घरंगळला. एका परीक्षकानं विचारलं, "हे कुणी भरलं?" सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मामानं माझ्याकडे पाहिलं. मी मुलांच्या ओल्या कपड्यांची चौकशी करायला लागले.

दुपारी साहेब एक कागद घेऊन माझ्या घरी आला. माळ्यानं आपल्या मनानं ढोलीत सिमेंट भरलं आणि रोज पाणी सोडून मुळं कुजवली, सबब त्याला कामावरून काढावं. खाली साहेबाची आणि औषधवाल्याची सही आधीच होती.

"हे धडधडीत खोटं आहे," मी म्हटलं.

"आहे ना," साहेब शांतपणे म्हणाला. "पण खरं लिहायचं तर तुमचा तो अर्ज दाखवावा लागेल. इतके दिवस तो कुणाकडे पडून होता, हे मुलांचे आईबाप विचारतीलच."

त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला. मी चष्मा आणायला आतल्या खोलीत गेले. खिडकीतून बाग दिसत होती. वाट मोकळी व्हावी म्हणून मामा एकटाच फांद्या कापत होता, आणि मध्येच थांबून आमच्या घराकडे बघत होता. मी खरं बोलेन, अशी त्याची खात्री असणार.

मी चष्मा घातला, बाहेर आले आणि सही केली.