मामा तोच सासरा

पाथरीत फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या उद्धवकडे लग्नाचे फोटो ठेवायची एक पद्धत आहे. प्रत्येक घराचं एक फोल्डर; आत मामा, मावशी, सासरे अशा नावांच्या लिंका, त्या त्या घराच्या फोल्डरकडे नेणाऱ्या. आहेराच्या फोटोला आहेर देणाऱ्याचं नाव. शोधायचं काम पर्ल या जुन्या संगणकभाषेत लिहिलेली स्क्रिप्ट करते. पुण्यातल्या कंपनीने पर्ल सोडली त्याच सुमारास उद्धवलाही सोडलं. दोघांची सोबत टिकली.

एक दिवस कडूबाई आल्या. नवरा लिंबाजी गेलेले, उद्या तेरवी, आणि भिंतीला लावायला फोटो नाही.

"आधारवरचा हाय की, काकू."

"त्यात चोर दिसायलेत. तसले न्हवते ते."

लिंबाजी सोयऱ्यांच्या प्रत्येक लग्नात वाढायला असायचे. पोराच्या, महारुद्रच्या लग्नातही ग्रुप फोटोच्या वेळी ते आचाऱ्याशी भांडत होते.

लिंबाजींचं नाव शोधायला उद्धवने स्क्रिप्ट महारुद्रच्या फोल्डरवर सोडली. फोल्डरातल्या फोल्डरात शिरत ती तळापर्यंत गेली आणि रिकाम्या हाताने परतली. नेहमीच्या सेटिंगमध्ये ती लिंक ओलांडत नाही. सोयऱ्यांच्या दारावरून न बोलता पुढे जाते. उद्धवने लिंकमागे जायला लावणारं 'फॉलो' चालू केलं. आता ती मामाच्या घरात शिरली आणि मध्येच बंद पडली.

"कामून थांबलं?"

"या घरात एकदा येऊन गेलो म्हणायलंय. दुसऱ्यांदा कसं काय आलो?"

"महारुद्रला मामाचीच पोरगी केली ना. मामा तोच सासरा. आमच्यात काय नवं हाय का ते?"

पर्लवाल्यांनी अशा घराण्यांचीही सोय केलेली आहे. 'फॉलो-स्किप' नावाचा पर्याय आपण काही सांगितलं नाही तर एकवर असतो. तेच फोल्डर पुन्हा समोर आलं की काम बंद. दोनवर ठेवला की ओळखीचं घर गुपचूप टाळून स्क्रिप्ट पुढे चालते. उद्धवने दोनवर ठेवला.

मामाकडून ती मामाच्या थोरल्या मुलीच्या, चुडावा गावी झालेल्या लग्नात पोचली. आहेराच्या एका फोटोवर नाव होतं: लिंबाजी. एका हातात साडीचा आहेर, दुसऱ्या हातात वरणाची बादली. नजर कॅमेऱ्याकडे नाही, पंगतीकडे. कुणावर तरी ओरडत असल्यासारखं तोंड उघडं.

कडूबाईंनी पदराने डोळे पुसले, मग पडद्याजवळ जाऊन पुन्हा बघितलं.

"बादली काढून टाकू का, काकू?"

"काढल्यावर वळखतील का त्यान्ला लोकं?"

तेरवीला लिंबाजी बादलीसकट भिंतीवर लागले. पंगत नेमकी त्यांच्या समोर बसली. वाढणारे वर बघायचं टाळत होते.