सासऱ्यांची दाढ आणि घरभराच्या कबुल्या

माझ्या सासरी पुरुषमाणूस रागावला की आरडाओरडा करत नसे. तो जेवायचा बंद व्हायचा. ताट पुढे सरकवायचं, एक नजर वर आढ्याकडे टाकायची आणि उठायचं. खलास! मग घरातल्या बायांनी शोधून काढायचं की स्वारीचं कशावरून बिनसलं. त्याचेही नियम ठरलेले होते. पहिल्या दिवशी कोणी विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी बायकोने विचारायचं. तिसऱ्या दिवशी ज्याचा गुन्हा असेल त्याने पुढे होऊन कबुली द्यायची, की लगेच भाकरी मोडली जायची. लग्न होऊन कोपरहून माजिवड्याला आले, तेव्हा सासूबाईंनी चूल, पाण्याचा हंडा आणि हे नियम एकाच दमात समजावून दिले.

मी शाळामास्तरांची मुलगी. सातवी पास, आणि लहानपणापासून सोंगं काढण्यात अव्वल. सासरी सोंगं बंद, असं आईने बजावून पाठवलं होतं. आईचा उपदेश किती दिवस टिकला ते आता सांगते.

सासरे जन्मभर खाडीकाठच्या मिठागरावर मुकादम होते. मी घरात आले तेव्हा त्यांच्या डोक्यातली एकेक खोली रिकामी व्हायला लागली होती. मला कधी ते आपली बहीण समजत, कधी मासळीवाली, आणि मासळीवाली समजले की बोंबील महाग लावते म्हणून भांडत. एका धोतरावर दुसरं धोतर नेसून ऐटीत अंगणात येत. "वय झालं," म्हणून सगळे सोडून देत.

अशा माणसाने एक दिवस अर्धी भाकरी ताटात ठेवली. दुसऱ्या दिवशी अख्खी ठेवली. तिसऱ्या दिवशी वर आढ्याकडे पाहिलं आणि उठले.

झालं! घराला घाम फुटला. रुसले, बाबा रुसले! मला गंमत वाटली. अहो, रुसायचं तर कोणावर, हे तरी माणसाला आठवायला हवं ना? पण घरातल्या जुन्या नियमापुढे नव्या सुनेच्या डोक्याला कोण विचारतो?

कबुल्या सुरू झाल्या. आधी थोरले दीर पुढे आले. मान खाली घालून म्हणाले, "बाबा, आपली जुनी होडी मी तुमाला न इचारता मेव्हन्याला दिली." बाबांनी आढ्याकडे पाहिलं. मग आमचे हे आले. "बाबा, मी गोठ्यामागं बिडी वढतो." थोरल्या जाऊबाई माझ्या कानात म्हणाल्या, "यो तर गोठ्यातल्या म्हशीला पन ठावं हाय." बाबा आढ्याकडेच. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर डोळ्यांना लावून कबूल केलं, की मागल्या आठवड्यात मांजरीने नेलेली पापलेटाची तुकडी मांजरीने नेली नव्हती.

"मना वाटलाच व्हता!" सासूबाई म्हणाल्या. बाबा मात्र ढिम्म.

तोवर पेजही बंद झाली होती. गालांची खोबणी झाली, धोतराची गाठ कमरेवर ठरेना. वैद्य येऊन नाडी पाहून गेले आणि ओटीवर दिरांना हळूच म्हणाले, "पोटात अन्न गेलं नाही तर म्हातारा महिना काढायचा नाही." त्या दिवशी सासूबाई स्वतः बाबांसमोर बसल्या. एवढी करारी बाई, पण नजर खाली. "तुमची चांदीची तपकिरीची डबी," त्या म्हणाल्या, "हरवली नव्हती. मी खाडीत टाकली. तुमी दिवसभर शिंकायचे म्हनून. तुमी सख्ख्या भावाला चोर म्हनालात, दोन वरसं बोलला नाय त्याच्याशी, तरी मी गप बसले."

बाबांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. आम्हाला वाटलं, आता भाकरी मोडली जाणार! त्यांनी शेजारचा थंडगार पितळी तांब्या उचलला आणि डाव्या गालाला लावून डोळे मिटून घेतले.

सगळे म्हणाले, विचार करतायत. मी म्हटलं, विचार करायला तांब्या कशाला लागतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाळत ठेवली. सासूबाई रोज कोळशाची आणि मिठाची पूड त्यांच्या तळहातावर ठेवत. बाबा ती घेऊन परसात जात आणि थोड्या वेळाने धोतराच्या सोग्याने ओठ पुसत येत. झाले दात घासून! त्या दिवशी मी मागोमाग गेले. बाबा शेवग्याच्या झाडाशी थांबले, तळहाताकडे पाहत राहिले. या काळ्या पुडीचं करायचं काय, हेच त्यांना आठवत नव्हतं. शेवटी अत्यंत आदराने त्यांनी ती झाडाच्या बुंध्याशी वाहिली, ओठ पुसले आणि परत फिरले. बुंध्याशी काळा ढीग साचला होता. कित्येक महिने आमच्या घरात दात फक्त शेवग्याचे घासले जात होते.

मी घरात येऊन जाहीर केलं, "बाबा रुसले नाहीत. त्यांची दाढ दुखतेय, आणि ती दुखतेय हे त्यांना सांगता येत नाही."

ह्यांनी लगेच चमच्याच्या दांड्याने बाबांचं तोंड उघडायचा पराक्रम केला. दहा मिनिटांनी मी ह्यांच्या बोटाला हळद लावत होते.

मग टांगा केला आणि टेंभी नाक्याजवळच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण, पुण्याकडचे, भाषा धुतल्या तांदळासारखी. "आजोबा, आ करा बघू." आजोबांनी खुर्ची पाहिली, दिवा पाहिला, चिमटे पाहिले आणि ओठ असे मिटले की खाडीतल्या शिंपल्याने धडा घ्यावा.

"मी काही करत नाही हो, नुसतं बघतो."

"मी पन असाच बोललो व्हतो," म्हणून ह्यांनी आपलं बोट वर केलं.

डॉक्टरांनी तरी बोट घातलंच. बाहेर काढल्यावर ते निरखत म्हणाले, "पुढचे दात उत्तम आहेत."

शेवटी त्यांनी हात टेकले. निदान कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरायला लावा, म्हणाले, आणि ते कसं करायचं हे दाखवायला कागदातून जाडं मीठ काढून पेल्यात टाकू लागले. तेवढ्यात खुर्चीतून एक हात आला. बाबांनी कागदातला एक खडा उचलला, दिव्यासमोर धरला, तोंड चांगलं वीतभर उघडून जिभेवर ठेवला आणि तुच्छतेने म्हणाले, "यो आपल्या आगराचा नाय. कडवट हाय."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आणि आईचा उपदेश मी त्याच क्षणी खाडीत टाकला, सासूबाईंच्या डबीशेजारी.

पदर कमरेला खोचला, आवाज जाड केला. "मुकादम, मिठाच्या पेढीवरनं आलोय. ह्यो व्यापारी म्हनतो, तुमचा मीठ कडू हाय."

"कोन म्हनतो?"

"ह्यो पांढऱ्या कोटातला."

डॉक्टर पुण्याचे असले तरी हुशार. छाती काढून म्हणाले, "मीच म्हणतो. चाखून दाखवा!"

बाबा खुर्चीत ताठ झाले. मी ओल्या बोटावर मीठ घेतलं. "डावीकडनं चाखा मुकादम, मागच्या अंगाला." तोंड उघडलं. दिवा आत गेला, आरसा आत गेला. मागची दाढ पार किडलेली, हिरडी फुगलेली, आणि कित्येक महिन्यांचं अन्न फटीफटीत घट्ट बसलेलं. डॉक्टरांनी बधिर करायची सुई टोचली. बाबांनी डोळे वटारले.

"यान काय तरी मिसललाय! अर्धी जीभ मेली!"

"भेसळच आहे, मुकादम," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "म्हणूनच तर तुमच्याकडे आणलं. आणखी एकदा चाखा."

दुसऱ्या चाखण्याला दाढ बाहेर आली. बाबांनी ती तळहातावर घेऊन उलटसुलट केली. "मिठाचा खडा मोठा हाय. पन काला परलाय. फेकून द्या." आणि मुकादमाने माल नापास केला.

निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "पूड हातावर दिली म्हणजे दात घासले, असं यापुढे धरू नका. समोर उभं राहून स्वतः घासा. दुखलं तर ते सांगणार नाहीत, तुम्हालाच बघावं लागेल."

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांपुढे मऊ भात आणि बोंबलाचं कालवण ठेवलं. घर दाराआड उभं. बाबांनी घास घेतला. उजवीकडे चावला, सावधपणे डावीकडे नेला, गिळला. सगळ्यांचे श्वास परत आले. मग मुकादमाने माझ्याकडे पाहून निकाल दिला, "मीठ कमी हाय." एवढं गोड मला आयुष्यात कोणी बोललं नाही. त्यांनी भात दोनदा मागून घेतला.

तेव्हापासून रोज सकाळी आमच्या परसात पेढी लागे. मी बोटाला मऊ फडकं गुंडाळून मीठ घेई, ते तोंड उघडून चाखत, आणि त्यांचा निकाल लागेस्तोवर माझे दात घासून होत. म्हणजे त्यांचे. कधी कधी शंका येऊन ते मलाच तोंड उघडायला लावत. "गो पोरी, तू तरी घासतं का नाय?" दाखवावं लागे. मुकादमाच्या हुकुमापुढे कोण बोलणार?

होडी, बिडी, पापलेट ते केव्हाच विसरले होते. आम्ही सगळ्यांनी कबुल्या दिल्या होत्या त्या एका किडक्या दाढेपुढे, हे आठवून जाऊबाई आणि मी भांडी घासताना फिदीफिदी हसायचो. सासूबाई हसत नसत, कारण त्यांच्या नशिबाने एक गोष्ट त्या रिकाम्या होत चाललेल्या डोक्यात पक्की बसली होती. रोज चूळ भरून झाली, पाणी शेवग्याच्या बुंध्याशी टाकलं, ओठ पुसले, की बाबा स्वच्छ तोंडाने घरभर ऐकू जाईल असं विचारायचे, "अगो, माझी डबी कुटं हाय?"

आणि स्वयंपाकघरातून रोज तेच उत्तर यायचं, "खाडीत! आनि तू गो धाकटे, दाढ चार दिस आधी दिसली नाय व्हय तुला?"