सत्ताविसावा कपटा

मुलीच्या वह्यांना कव्हरं घालायला आज घरात कणकेची खळ शिजते आहे. मी एकेचाळीस वर्षांचा गृहस्थ, पण त्या वासाला मी अजून भितो.

अकरा वर्षांपूर्वी जळगावच्या एका छापखान्यातून हिंदी मासिक निघत असे. त्याचे संपादक हिंदीतले मोठे लेखक. त्यांच्या एका कार्डासाठी उत्तरेकडची नामांकित माणसंही पोस्टमनची वाट पाहत. आम्ही त्यांना पंडितजी म्हणायचो. आलेलं लिखाण ते कात्रीने कापत. नको तो मजकूर काढून उरलेल्या कपट्यांवर आकडे घालत, आणि मी ते क्रमाने कोऱ्या कागदावर खळीने चिकटवायचो. स्वतःचा एक शब्दही ते कुणाच्या लिखाणात घालत नसत. म्हणत, "काटना मेरा काम है, जोड़ना लेखक का."

साक्रीच्या एका शिक्षिकेची पहिलीच कथा होती. तिची दुसरी प्रत नव्हती. कपटे सत्तावीस, चिकटवून मोजले तर सव्वीस. शेवटचाच नव्हता. छपाईच्या खिळ्यांच्या पेट्यांखाली, केरात, सगळीकडे शोधला. एक पान हरवलं म्हणून माझ्या आधीच्या माणसाला पंडितजींनी घरी बसवलं होतं.

खिळे जुळवणारे नाना धुळ्याकडचे. ते हळूच म्हणाले, "सांगी टाक, भाऊ. आज लपाडशी, ते जनमभर भ्याशी."

मी सांगितलं नाही. वाचलेलं आठवत होतं, असं मला वाटलं. चार ओळी लिहून चिकटवल्या.

छपाईआधीचं मुद्रित वाचताना पंडितजींची पेन्सिल तिथेच थांबली. त्यांनी चष्मा काढला.

"यह बाई का वाक्य नहीं है. किसका है?"

"माझं."

ते ओरडले नाहीत, त्याचंच जास्त भय वाटलं. "कल साक्री जाओ. उन्हीं से कहो."

धुळ्याला मोटार बदलून गेलो. वाटभर वाटत होतं, ही बाई मला शाळेच्या पायरीवरही उभं करणार नाही. तिने माझ्या ओळी दोनदा वाचल्या.

"तुम्ही तिला रडवलंत, भाऊ. माझ्या गोष्टीतली बाई रडत नाही. ती चूल पेटवते."

तिथेच बसून तिने चार ओळी पुन्हा लिहून दिल्या. परतल्यावर नानांना एकविसावा कपटा जाड लागला; त्यांनी तो ओला करून सोडवला, तर त्याच्या पाठीला सत्ताविसावा चिकटलेला. तो आणि बाईंनी नव्याने लिहिलेल्या ओळी ताडून पाहिल्या. स्वल्पविरामाचाही फरक नव्हता.

पंडितजींनी मला काढलं नाही. फक्त त्या दिवसापासून ते कपटे माझ्यासमोर स्वतः मोजत.

मागच्या महिन्यात ते गेले. त्यांच्या आठवणी लिही म्हणून चारजण मागे लागले आहेत. लिहायला बसलो की प्रसंग आठवतात, मधले दुवे निसटलेले असतात, आणि हात आपसूक नव्या ओळी जुळवू लागतो. वर लिहिलेलं मी तीनदा तपासलं. त्यांनी चष्मा काढला होता, की तो मी आज काढवला? पेन्सिल ठेवून विचारणारं आता कुणी नाही. खळ निवली आहे. मी मुलीच्या वह्या मोजतो आहे.