मामांचं बिघडलेलं रक्त

रक्त या विषयावर माझ्या आत्याच्या यजमानांइतकं, म्हणजे आमच्या मामांइतकं, बोललेला माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल. रनाळ्याला त्यांची कापसाची शेती, वैद्यकाशी संबंध म्हणाल तर वर्षाकाठी एखादं जुलाबाचं औषध. पण दारात पाहुणा आला की पाणी विचारायच्या आत मामा त्याचा हात धरणार, अंगठ्याचं नख दाबणार आणि पांढरं पडलेलं नख पुन्हा गुलाबी होईपर्यंत डोळे बारीक करून बघत राहणार. सोयरिकीला आलेल्या एका गृहस्थांनी तर हात सोडवून घेऊन आधी अंगठी खिशात घातली होती. "रगतना बी पाट ऱ्हास," मामा त्यांची समजूत घालत होते, "तो मोकळा ठेवना पडस."

साठ सालच्या आसपास त्यांनी कहर केला. हिवाळ्यात भल्या सकाळी धोतर खोचून ते आडावर भांडी घासायला बसू लागले. बाप्या माणूस राखेने तवा घासतोय म्हटल्यावर गावाला फुकटचा तमाशाच. कुणी हसलं की मामा ठणकावून सांगत, "मन्हं रगत घट्ट हुई जायेल शे! डाक्टरनी सांगेल शे, ठंडा पानीमा हात चालाडा!"

आत्याचं दुखणं मात्र खरं होतं. थंडी पडली की तिची बोटं खडूसारखी पांढरी आणि मग निळी पडत. एका बोटाच्या टोकाला जखम झाली होती. ती चिघळली तर बोट कापावं लागेल, असं नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. औषध नव्हतंच. ऊब द्या आणि गार पाण्यापासून जपा, एवढाच उपाय.

मी तेव्हा डॉक्टरकी शिकत होतो. सुट्टीत आलो तेव्हा मोठ्या ऐटीत मामांना तपासलं आणि म्हणालो, "मामा, तुमच्या रक्ताला काहीही धाड भरलेली नाही."

मामांनी चुलीपाशी बसलेल्या आत्याकडे पाहिलं. "हळू बोल, भाऊ. गावले समजनं ते लोके तिले बोलतीन, आनी ती भांडा आपला हातमा लई लेई."

आत्याचं बोट वाचलं. पुढे कितीतरी वर्षांनी शास्त्रज्ञांना कळलं, की रक्तवाहिनीचं अस्तर स्वतःच एक द्रव्य तयार करतं. ते वाहिनी सैल ठेवतं, रक्ताच्या गुठळ्या होऊ देत नाही. त्याचं नाव प्रोस्टासायक्लिन. त्याच जातीचं औषध अशाच पांढऱ्या बोटांच्या एका बाईला मी पहिल्यांदा सलाइनमधून दिलं, तेव्हा मामा फार आठवले. त्यांना ते दाखवायला हवं होतं, पण ते कधीच गेले होते.

घरी गेल्यावर मी आत्याला सारं सांगितलं. ती आपल्या बोटांकडे बघत राहिली.

"माले माहीत व्हतं रे," ती म्हणाली. "मन्हा बोटेसकरता त्यासनी आपलं चांगलं रगत सारा गावमा बदनाम करं."