वापरणाऱ्याची चूक

पुण्याच्या कंपनीचं काम मी भूममधल्या घरातूनच करतो. गल्लीत मला 'सॉफ्टवेअरवाला' म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकून छाती फुगायची. त्यामुळं शेजारची खाला बाजारच्या दिवशी बांगड्यांचं दुकान बंद ठेवून लेकीला घेऊन आली, तेव्हा मी ऐटीत लॅपटॉप उघडला. पोरीला धाराशिवच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. पण वसतिगृह मिळालं तरच बाप पाठवणार होता. वसतिगृहाचा फॉर्म ऑनलाइन, मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत.

"दोन मिनिटांचं काम हाय खाला," मी म्हणालो.

कसलं दोन मिनिटांचं! चार पानं भरली की वेबसाईट बाहेर फेकायची. परत लॉगिन, परत पहिलं पान. फोटो चढवताना नेट रखडायचं आणि तेवढ्यात दिलेला वेळ संपायचा. पाचदा झालं. खाला म्हणाली, "बेटा, सांग की त्यांना, तू बी त्यातलाच हाईस म्हणून." मी मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडचा थंडपणे म्हणाला, "सर, वेबसाईट व्यवस्थित चालू आहे. तुम्हीच हळू भरताय."

माझं टाळकंच फिरलं. खालासमोर बोलू नये ते सगळं मी त्याला बोललो. फोन आपटला, आणि मग लक्षात आलं. अरे, हे तर माझंच उत्तर! आमच्या कंपनीच्या वेबसाईटवर फॉर्म भरायला दहा मिनिटांची मर्यादा मीच घातलेली. गावोगावच्या तक्रारी यायच्या, आणि 'वापरणाऱ्याची चूक' असा शेरा मारून मी त्या पटापट बंद करायचो. साहेब मिटिंगमध्ये पाठ थोपटायचे, की मी खूश! लाज कशी वाटली नाही मला? त्या तक्रारींमागं कुणीतरी असंच दुकान बंद ठेवून बसलेलं असणार, हे एकदाही डोक्यात शिरलं नाही.

पाच वाजले. पडद्यावर 'मुदत संपली' आलं. खालानं कागद पिशवीत भरले आणि लेकीला म्हणाली, "चल. नशीब आपलं." नशीब कसलं, डोंबलाचं! पण मी नुसता लॅपटॉप मिटला.

पोरगी दारात थांबली. "दादा, तुमी बी असलंच बनवता का वो?"

आणि फोनवर एवढा तावातावानं भांडणारा मी म्हणालो, "न्हाय. आमचं येगळं असतंय."

तिला ते खरं वाटलं.